वीस हजारांमागे एक शंभर

डिसेंबर सरता सरता, फार तर जानेवारी उजाडताच, वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेचा, ‘कॅट’चा निकाल लागला, इतक्या जणांना 100 पर्सेंटाइल. 2019च्या परीक्षेत असे 10 जण निघाले. 2020ला 9, 2021ला पुन्हा 9, 2022ला 11, 2023ला 14 आणि 2024लाही 14. आकडा वाढला की क्लासवाले म्हणतात, मुलांची तयारी सुधारली. घटला की म्हणतात, पेपर कठीण होता. चौदाचे चौदाच राहिले तेव्हा काय म्हणाले ते आमच्या वाचनात आले नाही. बहुधा पेपर सुधारला असेल आणि तयारी कठीण झाली असेल.

क्लासची फी आम्हाला परवडत नाही, म्हणून आम्ही नुसता भागाकार केला. 2019ला परीक्षेला बसले सुमारे 2 लाख 9 हजार. त्याला 20 हजारांनी भागा, 10 येतात आणि वर थोडी चिल्लर. 2020ला बसले 1 लाख 90 हजार, भागाकार साडेनऊ. 2021ला 1 लाख 92 हजारांच्या आतबाहेर, म्हणजे पुन्हा साडेनऊच. 2022ला 2 लाख 22 हजार, भागाकार 11 आणि किंचित. 2023ला 2 लाख 88 हजार, 14 आणि थोडे. 2024ला 2 लाख 93 हजार, 14 आणि थोडे जास्त. चिल्लर सोडून द्या आणि बातमीतले आकडे पुन्हा वाचा. 10, 9, 9, 11, 14, 14.

म्हणजे देशात त्या वर्षी किती बुद्धिमान निपजले याची ही मोजदाद नाही. किती जण सकाळी उठून परीक्षा केंद्रावर गेले, याची आहे. दर 20 हजार हजर उमेदवारांमागे एक शंभरवाला, हा इथला दर आहे. पेपर सोपा काढा, अवघड काढा, संस्कृतात काढा, दर बदलत नाही. अगदी काट्यावर दोघांना सारखेच गुण पडले तर एखादा इकडेतिकडे होईल, तेवढेच.

यात कुणाची लबाडी नाही. आयआयएमवाल्यांनी सूत्र उघडपणे सांगितलेले आहे. बसलेल्यांच्या संख्येतून तुमचा क्रमांक वजा करायचा, उरेल त्याला बसलेल्यांच्या संख्येने भागायचे, 100ने गुणायचे आणि दशांशाच्या दोन घरांपर्यंत आणायचे. 2 लाख 93 हजारांत पहिल्या आलेल्याला या हिशेबाने मिळतात 99.9997. शंभर नाहीत! अख्ख्या देशात पहिला आला तरी नाहीत, कारण स्वतःच्या मागे स्वतःला उभे राहता येत नाही. मग दोन घरांपर्यंत आणताना ते 100 होतात. चौदाव्याचे 99.9952 होतात, तेही 100 लिहिले जातात. पंधराव्याचे भरतात 99.9949. त्याच्या गुणपत्रिकेवर 99.99 येतात आणि त्याच्या आईला फोनवर सांगावे लागते की “थोडक्यात हुकलं हो”. पंधराव्यापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत सगळे 99.99च. पण फ्लेक्सवर फोटो चौदाव्याचा.

आता गैरहजरांकडे या. 2023ला अर्ज भरले होते सुमारे 3 लाख 28 हजार जणांनी. म्हणजे 40 हजार जण नोव्हेंबरातल्या त्या रविवारी पांघरूण ओढून पडून राहिले. 20 हजारांचा दर लावला तर या झोपाळूंनी दोघांचे शंभर पर्सेंटाइल गिळले. कुणाचे, ते त्यांना ठाऊक नाही, आणि गिळले गेले त्यांनाही ठाऊक नाही. 2024ला पंधराव्या आलेल्याला शंभर हवे असते तर त्याने आणखी एक गणित सोडवण्याच्या भानगडीत पडायला नको होते. आणखी 7 हजार माणसे केंद्रावर आणायला हवी होती. आपल्याकडे सभेला माणसे आणणारे अनुभवी लोक गावोगावी आहेत. पेन लागत नाही, अभ्यास लागत नाही, ओळखपत्र तेवढे असावे. क्लासवाल्यांनी या दिशेने विचार केलेला नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटते. दोन वर्षे शिकवण्यापेक्षा दोनशे बसगाड्या स्वस्त पडतील.

फीचेही पाहा. 2024चा अर्ज 2,500 रुपयांचा होता, राखीव गटांना 1,250चा. त्या वर्षी सुमारे 36 हजार जण आलेच नाहीत. सगळ्यांनी सवलतीचीच फी भरली होती असे धरा, तरी साडेचार कोटी रुपये होतात. कुठल्याही धंद्यात माल न उचलता पैसे भरून जाणारे गिऱ्हाईक इतक्या संख्येने मिळणे हे व्यवस्थापनशास्त्राचे यश मानावे लागेल.

पर्सेंटाइलचा आकडा घरात आला की खरा घोळ सुरू होतो. मुलगी सांगते, “92 पर्सेंटाइल.” काका म्हणतात, “अरे वा, 92 टक्के! पेढे काढा.” मुलगी रडवेली. काकांना कळत नाही, 92 टक्क्यांवर रडते कशी? काकांचा दोष नाही. महाराष्ट्रात टक्केवारीची हवा तशीच आहे. 2025च्या दहावीत राज्यात 211 मुलांना 100 टक्के पडले, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागातले. (खेळ आणि कलेचे जादा गुण धरून, पण पेढ्यांना त्याचे काय.) ज्या राज्यात शंभर टक्केवाले असे विभागवार निघतात, तिथे 92 पर्सेंटाइलवर अश्रू म्हणजे नखरे वाटणारच.

उलटीही मजा आहे. कॅट एकूण 204 गुणांची, आणि अलीकडच्या वर्षांत 99 पर्सेंटाइलला त्यातले निम्मेही गुण लागलेले नाहीत. दहावीत निम्म्याहून कमी पडले असते तर बापाने जेवण बंद केले असते. इथे बाप स्टेटस ठेवतो. तुम्ही सिंहगड किती चढलात हे पर्सेंटाइल विचारत नाही, तुमच्या खाली किती जण धापा टाकत बसले आहेत एवढेच मोजते. सगळेच पायथ्याशी बसले असतील तर दहा पावले चढलेला माणूसही 99 पर्सेंटाइलचा. या परीक्षेत चुकीला गुण कापतात, त्यामुळे एकूण बेरीज शून्याखालीही जाऊ शकते. तरी पर्सेंटाइल शून्य होईलच असे नाही. वजा गुण घेतलेल्याच्या मागे आणखी वजावाले असतात. आपल्याहून वाईट कुणीतरी असते, आणि त्याचेही इथे गुण मिळतात.

पेपरच्या आत डोकावू. 2024च्या नमुन्यात 68 प्रश्न, 120 मिनिटे. तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटे, आणि एका विभागातली उरलेली मिनिटे दुसऱ्यात नेता येत नाहीत. आधी इंग्रजी वाचन, 24 प्रश्न. मग आकडेवारी आणि तर्काची कोडी, 22. शेवटी गणित, 22. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला वजा 1. काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टंकायचे, त्यात चुकले तर वजाबाकी नाही. ही सोय 2015पासून आहे. त्याच वर्षी पडद्यावर कॅलक्युलेटरही आला. पाढे पाठ करून गेलेल्या पिढीने या गोष्टीबद्दल अजून क्षमा केलेली नाही.

आता त्या 3 आणि वजा 1चे पाहा. पर्याय चार. डोळे मिटून खडा मारला तर चारांत एकदा बरोबर, 3 मिळाले. तीनदा चूक, 3 गेले. बाकी शून्य. ना नफा, ना तोटा. आमच्या मते या परीक्षेतला सगळ्यात सुबक प्रश्न हाच आहे आणि तो प्रश्नपत्रिकेत छापलेला नसतो. चारांतला एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तर उरलेल्या तिघांवर डोळे मिटून मारलेला खडा सरासरीने एक तृतीयांश गुणाचा नफा देतो. म्हणजे उत्तर माहीत असण्याची गरज नाही, काय नक्की नाही एवढे माहीत असले की धंदा फायद्यात. पुढे दोन वर्षे आणि पंचवीसेक लाख रुपये घालवून जे शिकायचे, ते बरेचसे इथेच शिकून होते.

कोड्यांचा विभाग तर निव्वळ सोडून देण्याची परीक्षा आहे. पाच संच. एकात आठ मित्र गोल टेबलाभोवती बसलेले, कुणाच्या डावीकडे डॉक्टर, पण तो निळा शर्ट घालत नाही. दुसऱ्यात पाच गोदामे आणि ट्रकांचे वेळापत्रक. चाळीस मिनिटांत पाचही संच सुटत नाहीत, ते सुटावेत अशी अपेक्षाही नाही. दोन-तीन नीट सोडवले की माणूस वरच्या रांगेत जातो. पण कुठले दोन सोडायचे हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावे लागते. आपल्याकडे शाळेत बारा वर्षे शिकवतात की एकही प्रश्न सोडू नका, पुरवणी लावा, शेवटपर्यंत लिहीत राहा. ते संस्कार घेऊन गेलेले गुणी पोर गोल टेबलापाशीच 25 मिनिटे बसून राहते. निळा शर्ट सापडतो, आयआयएम हरवते.

इंग्रजीच्या विभागात उतारे असतात. खोल समुद्रातल्या जिवांपासून युरोपातल्या चित्रकलेच्या एखाद्या वादापर्यंत काहीही. चार उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न, लेखकाला काय म्हणायचे होते, लेखक पुढीलपैकी कशाशी सहमत होणार नाही, वगैरे. लेखकाला विचारायची सोय नाही. मग चार वाक्ये विस्कटून देतात, ती लावा. ज्याने ती मुळात नीट लावून लिहिली होती त्याच्या मेहनतीचा हा काय सन्मान! या विभागाचे 204पैकी 72 गुण, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या मराठी शाळेतून अभियांत्रिकीपर्यंत स्वतःच्या बळावर आलेला मुलगा गणितात सगळ्यांना पाणी पाजतो आणि या 72मध्ये अडकतो. आयआयएम प्रत्येक विभागाची वेगळी किमान अट घालतात, त्यामुळे एकूण 99 असूनही एका विभागात कमी पडले तर दार बंद. नंतर पदवी घेऊन तो साबण विकायला नांदेडलाच जाणार असतो, मराठीत. पण आधी त्याने चित्रकलेचा वाद मिटवला पाहिजे.

परीक्षा एका दिवसात तीन पाळ्यांत होते, तीन वेगळे पेपर. प्रत्येकाच्या मते त्याचीच पाळी सगळ्यात अवघड होती. हे भांडण मिटवायला नॉर्मलायझेशन नावाचे गणित आहे. प्रत्येक पाळीतल्या वरच्या 0.1 टक्के उमेदवारांची सरासरी, शिवाय सगळ्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलन, अशा खुणा धरून तिन्ही पाळ्यांचे गुण एका मापावर आणतात. आत गेलेले 90 बाहेर येताना 93.47 होतात किंवा 87.12. शेजारच्या बाकावरचे किती हुशार निघाले यावर तुमचे गुण सरकतात. पाळी मागून मिळत नाही, शेजारीही नाहीत. तरी यातही अन्यायाची तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही एक आठवण करून देतो. पाळ्या नव्हत्या, साऱ्या देशाला एकच कागदी पेपर होता, तेव्हा 2003 साली तो फुटला आणि सगळ्यांना फेब्रुवारी 2004मध्ये पुन्हा बसावे लागले. मग 2009ला परीक्षा संगणकावर आली, तर पहिल्याच दिवसांत संगणकच आजारी पडले. तेव्हापासून प्रगती अशी की आता फक्त दशांश आजारी पडतात.

महाराष्ट्राची आपली वेगळी चूल आहे, एमबीए सीईटी. कॅटमध्ये गणिताच्या एका प्रश्नाला सरासरी 109 सेकंद मिळतात. आपल्या सीईटीत 200 प्रश्न आणि 150 मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. प्रश्न वाचायला 20, मागच्या प्रश्नाचे दुःख करायला 10, उरलेल्या 15मध्ये उत्तर. चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे कोरे कुणीच सोडत नाही. शेवटच्या मिनिटाला राज्यभरातल्या केंद्रांवर एकाच वेळी माऊसचा पाऊस पडतो. बरीच वर्षे पर्याय पाच असत. म्हणजे पुस्तकाचे पान न उघडता 200 ठिकाणी टिचक्या मारल्या तरी सरासरी 40 गुण घरी येत. राज्य सरकारच्या इतर कुठल्याही योजनेत लाभार्थीला इतके विनासायास काही मिळत नाही.

यात 25 प्रश्न निव्वळ आकृत्यांचे. त्रिकोण फिरतो, ठिपका सरकतो, बाण उलटा होतो, पुढची आकृती ओळखा. मंत्रालयातली फाइल पुढे कुठल्या टेबलावर जाईल हे ओळखण्याचा सराव म्हणून हे ठीक आहे, व्यवस्थापनाशी आणखी काय संबंध ते आम्हाला उमगलेले नाही. 2023ला तर काही केंद्रांवर संगणकच अडखळले, काहींची फेरपरीक्षा झाली आणि पुन्हा परीक्षा घ्या म्हणत मुले उच्च न्यायालयापर्यंत गेली. 45 सेकंदांच्या परीक्षेचा वाद तिथे पोचला तेव्हा तरी सगळ्यांना थोडी उसंत मिळाली असेल. आणि हे सगळे कशासाठी? चर्चगेटच्या जमनालाल बजाजमध्ये जागा मिळावी म्हणून, जिथे प्रवेशाचा निकाल 99च्या पुढच्या दशांशांवर लागतो.

आणि एमबीए करायला परदेशात विमानाने जाणारी मंडळी? त्यांची जीमॅट. (हैदराबादच्या आयएसबीलाही ती चालते, तिथे रेल्वेने जाता येते.) ही परीक्षा 1954पासून आहे. बरीच दशके गुण 200 ते 800 आणि शेवटी शून्य. आमच्या एका पिढीच्या डोक्यात ‘700’ हा आकडा असा बसला आहे की बोरिवलीच्या सोसायटीत अजून कुणी ‘सातशेवाला’ म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर 2023मध्ये नवी आवृत्ती आली. निबंध गेला, वाक्यातली चूक सुधारा गेले, भूमिती गेली. उरले 64 प्रश्न, सव्वादोन तास, 45 मिनिटांचे तीन विभाग. आणि गुण 205 ते 805, शेवटी नेहमी 5. नवे गुण जुन्या गुणांत मिसळू नयेत म्हणून ही पाचाची खूण. जुन्या 700च्या तोडीला नवे 645 येतात. आता पुतण्या 645 घेऊन आला की सातशेवाला काका चुचकारतो, “असू दे, पुढच्या वेळी प्रयत्न कर.” पुतण्याने जुळणीचे कोष्टक दाखवले तर काका चष्मा शोधायला आत जातो.

ही परीक्षा तुमच्याकडे बघून स्वतःला बदलते. बरोबर उत्तर दिले की पुढचा प्रश्न कठीण, चुकलात की सोपा. त्यामुळे सोपा प्रश्न समोर आला की हुशार मुलाला घाम फुटतो. प्रत्येक विभागात मागे जाऊन तीन उत्तरे बदलता येतात, तीनच. चौथ्यांदा मत बदलायचे असेल तर राजकारणात जावे.

पण जीमॅटवाल्यांची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. ते स्वतःच छापतात की आमच्या एकूण गुणांत साधारण 30 ते 40 गुणांची मोजमापातली चूक धरून चाला. म्हणजे 645वाला आणि 665वाला यांच्यात खरा फरक आहेच असे छातीठोकपणे सांगू नका, असे खुद्द तराजू बनवणाराच सांगतो. कॅटच्या गुणपत्रिकेवर दशांशाची दोन घरे असतात, चूक धरून चाला अशी ओळ मात्र आम्ही शोधली तरी सापडत नाही. 99.12वाला आत आणि 98.97वाला बाहेर, आणि दोघांच्या मध्ये फार तर एखादा प्रश्न, तोही कदाचित डोळे मिटून मारलेला. काटा जितका बारीक तितके वजन खरे, हा समज किराणा दुकानात खपत नाही. तिथे गिऱ्हाईक आधी विचारते, काटा शून्यावर आहे का?

क्लासवाल्यांना मात्र दशांशच हवा. अंधेरीत, डेक्कनवर, सीताबर्डीत निकालाच्या आठवड्यात फलक चढतात. 2024ला शंभरवाले देशात 14, पण फलक मोजायला गेलात तर तिपटीने भरतात, कारण एकच पोरगा तीन क्लासांच्या फलकांवर तीन वेगवेगळ्या रंगांच्या टायमध्ये हसत असतो. एकाकडे तो शिकलेला असतो, दुसऱ्याकडे त्याने सराव परीक्षा दिलेली असते, तिसऱ्याकडे मुलाखतीची चौकशी करायला गेलेला असतो. फलकावर 99.99च्या खाली आडवी रेघ आणि मोबाइल नंबर. 84.31वाल्यांची वर्गणी त्या फलकाच्या लोखंडी सांगाड्यात असते. ती दिसत नाही.

त्या फलकांवर आणखी एक गोष्ट दिसत नाही. 2023च्या 14पैकी 14 शंभरवाले पुरुष. 2024च्या 14मध्ये एक मुलगी. परीक्षेला बसणाऱ्यांत मात्र मुली एक तृतीयांशाहून जास्त असतात. यादीत अभियंत्यांचा भरणा. गणित, कोडी, घड्याळ, आणि वर्षभर दुसरे काही न करण्याची घरून मिळालेली मोकळीक, यांचे हे फळ. मग आयआयएमना लाज वाटते आणि प्रवेशाच्या गुणांत मुलींना आणि बिगरअभियंत्यांना थोडे वाढीव गुण दिले जातात. त्यावर फलकावरचेच पोरगे चिडून समाजमाध्यमांवर लिहितात की गुणवत्तेचा खून झाला. गुणवत्ता म्हणजे काय, तर तेच, 20 हजारांमागे एक.

आयआयएमचा विषय निघालाच आहे, तर पवईचेही सांगून टाकू. तिथली निटी ही संस्था 2023मध्ये आयआयएम मुंबई झाली. इमारती त्याच, विहार तलाव तोच, डासही तेच. पाटी बदलली आणि तिथे जायला लागणारी शिडी लांब झाली. नागपूरची आयआयएम 2015पासून आहे, तिला अजून पुण्यातले लोक ‘आहे का तिथे?’ असे विचारतात. पुण्याला स्वतःची नाही, हा मुद्दा वेगळा.

बरे, इतके करून मिळालेले पर्सेंटाइल पुढे काय करते? तर मुलाखतीचे बोलावणे आणते, आणि तेही एकट्याच्या जिवावर नाही. अहमदाबादवाले दहावीचे, बारावीचे आणि पदवीचे गुण, शिवाय नोकरीचा अनुभव, असे सगळे कालवून वेगळा आकडा काढतात. बेंगळुरूवालेही दहावी-बारावीची गुणपत्रिका मागतात आणि ती नुसती फायलीला लावायला मागत नाहीत. म्हणजे पंधराव्या वर्षी गोवर झाला म्हणून भूगोल बुडाला असेल, तर पंचविसाव्या वर्षी तो भूगोल अहमदाबादच्या दारात उभा असतो. कॅट पुन्हा देता येते, दर नोव्हेंबरला. पंचविसाव्या वर्षी दहावी पुन्हा देता येत नाही. “दहावीचे काही नसते रे, पुढे कुणी विचारत नाही,” असे सांगणाऱ्या मावशा-आत्यांनी आता पुढे येऊन जबाबदारी घ्यावी.

शेवटी मुलाखत. समोर दोन प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी. मुलाच्या हातात 99.99. पहिला प्रश्न येतो, बारावीला रसायनशास्त्रात 61च का? दुसरा, एमबीए कशासाठी? खरे उत्तर आहे पगारासाठी, पण ते देऊन आत गेलेला कुणी आम्हाला अजून भेटलेला नाही. मुलगा नेतृत्वाबद्दल बोलतो, समाजाबद्दल बोलतो, शेतकऱ्यांच्या पुरवठा साखळीबद्दल बोलतो. लेखी परीक्षेत निदान उत्तरतालिका जाहीर होते, पैसे भरून तिच्यावर हरकतही घेता येते. इथे प्राध्यापक कागदावर काहीतरी लिहितात. त्याचे गुण किती, कशाला किती, आणि शेतकऱ्यांचे नाव घेतल्याबद्दल वजा किती, हे कुठल्याच पत्रकात छापलेले नाही.